'चला' म्हणजे कुठं चला? कवितेतली अडलेली ओळ सोडवण्याची एका नवशिक्याची पद्धत

आमच्या सोसायटीच्या गणपतीत शेवटच्या दिवशी आरतीनंतर पसायदान होतं. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की नुसतं म्हणण्यापेक्षा मुलांना अर्थही सांगू या, आणि माईक माझ्या हातात आला. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. कवितेशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण पसायदान कुणाला येत नाही? बिनधास्त सुरुवात केली. "चला कल्पतरूंचे आरव" आलं तेव्हा म्हणालो, "माउली आपल्याला हाक मारतायत. चला रे सगळे, कल्पवृक्षांच्या बागेत जाऊ या!"

टाळ्या पडल्या. प्रसाद घेताना मागच्या इमारतीतले एक आजोबा काठी टेकत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "छान बोललात. फक्त एवढं सांगा, त्या ओवीत चालायचं कुणी? आपण की झाडांनी?"

मला वाटलं, गंमत करतायत. घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर दोन ठिकाणी दोन अर्थ. मग नाद लागला. त्या एका शब्दापायी तीन आठवडे गेले, वाचनालयाचं सभासदत्व घेतलं, एक वही भरली. चालतात ती झाडंच. कसं, ते पुढं येईलच. पण या खटाटोपात जी पद्धत हाती लागली ती इथं लिहून ठेवतोय, म्हणजे तुमचे तीन आठवडे वाचतील. जुनी ओवी असो, अभंग असो की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची कविता, पद्धत साधारण तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. ओळ कळत नाही म्हटलं की आपण एकदम अध्यात्मात शिरतो. खूप खोल असणार, आपली कुवत नाही वगैरे. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ ओळी खोल असतात म्हणून अडत नाहीत, क्रियापद सापडलेलं नसतं म्हणून अडतात.

काय काय जवळ ठेवायचं

- कवितेची पूर्ण छापील प्रत. अडलेली ओळ एकटी नको, मागचा-पुढचा भाग हवाच.
- त्याच कवितेची दुसरी प्रत, शक्यतो वेगळ्या संपादकाची किंवा जुन्या छपाईची.
- रेघांची वही, पेन्सिल, खोडरबर. पेन नको. का, ते चुकलात की कळेल.
- मोठा मराठी शब्दकोश. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सात खंडांचा आहे, १९३२ ते १९३८ या काळात निघालेला, नंतर पुरवणी खंडही आला. विकत घ्यायची गरज नाही, वाचनालयात बसून बघता येतो. तो आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात.
- वाचनालयाचं सभासदत्व. त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो आणि अनामत रकमेची तयारी ठेवून जा. भाड्याच्या घरात राहत असाल तर पत्त्याचा कागद आधी शोधून ठेवा. माझी पहिली फेरी त्यातच वाया गेली.
- एक माणूस, ज्याला शेवटी विचारता येईल. शेवटी म्हणजे शेवटीच.

पायरी १ : ओळ उतरवून काढा, मागच्या-पुढच्यासकट

हातानं उतरवा. फोटो काढून चालत नाही. मी पहिल्यांदा 'चला कल्पतरूंचे आरव' एवढंच लिहिलं आणि आठवडाभर त्याकडे बघत बसलो. ओवी पूर्ण लिहिली असती तर पहिल्याच दिवशी शंका आली असती:

चलां कल्पतरूंचे आरव ।
चेतना चिंतामणींचें गांव ।
बोलते जे अर्णव ।
पीयूषांचे ॥

आणि तिच्या आधीची ओवी:

वर्षत सकळमंगळीं ।
ईश्वरनिष्ठांची मांदियाळी ।
अनवरत भूमंडळीं ।
भेटतु भूतां ॥

उतरवताना जुन्या प्रतीतले अनुस्वार जसेच्या तसे घ्या. हे नीट लक्षात ठेवा, कारण इथंच माझा शब्द अडकला होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. आजच्या मराठीसाठी बरं झालं. पण जुन्या कवितेत तो टिंब म्हणजे विभक्तीची खूण असते. नव्या छपाईत, पत्रिकांवर, भिंतीवरच्या फलकांवर टिंबं गळतात आणि 'चलां'चं 'चला' होतं. गेजवरचा एक आकडा पुसला तर माप कसं घेणार?

पायरी २ : क्रियापद शोधा

सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

पेन्सिल घ्या आणि क्रियापदाखाली रेघ मारा. मग विचारा, हे कोण करतंय? कवी शब्द पुढं-मागं करतो, कर्ता एका ओळीत आणि क्रियापद तीन ओळींनंतर असं चालतं. जुन्या मराठीत तर वाक्य अख्ख्या दोन-तीन ओव्या ओलांडून जातं.

आधीच्या ओवीत क्रियापद 'भेटतु'. म्हणजे 'भेटो'. काय भेटो? 'ईश्वरनिष्ठांची मांदियाळी', देवावर निष्ठा असलेल्यांचा समुदाय. कुणाला? 'भूतां', प्राणिमात्रांना. कशी? 'वर्षत सकळमंगळीं', सर्व मंगलाचा वर्षाव करत. 'अनवरत' म्हणजे सतत. वाक्य झालं: मंगलाचा वर्षाव करणारा संतांचा मेळा या पृथ्वीवर प्राणिमात्रांना सतत भेटत राहो.

आता पुढच्या ओवीत क्रियापद शोधा. मी 'चला'खाली रेघ मारली होती. मारून बघा तुम्हीही. मग उरलेल्या तीन ओळींचं काय करायचं? 'चेतना', 'गांव', 'बोलते', 'अर्णव' सगळे लोंबकळत राहतात. 'आरव'ही लोंबकळतो, कारण 'आरवांकडे चला' असं काही ओवीत नाही. वाक्यातले निम्मे शब्द बेकार बसले असतील तर रेघ चुकीच्या शब्दाखाली आहे.

खोडा. पुन्हा बघा. 'बोलते जे अर्णव' म्हणजे बोलणारे समुद्र, हे सोपं आहे. 'बोलते' हे तिथं विशेषण. मग तिच्या वरची ओळ: 'चेतना चिंतामणींचें', चेतन असलेल्या, जिवंत चिंतामणींचे गाव. मग सगळ्यात वरची: 'चलां कल्पतरूंचे', चल असलेल्या, चालत्या कल्पतरूंचे आरव. 'चल' हे विशेषण, 'स्थिर'च्या उलट. 'कल्पतरूंचे' अनेकवचनी, म्हणून त्याचं विशेषणही अनेकवचनी सामान्यरूपात, 'चलां'. टिंबाचं काम तेवढंच होतं.

आणि मग सगळं जागेवर बसतं. कल्पवृक्ष एका जागी उभा असतो, त्याच्यापाशी जावं लागतं. हे संत म्हणजे चालत्या कल्पवृक्षांच्या बागा. चिंतामणी मनातली इच्छा पुरवतो, पण कितीही झाला तरी दगड. हे जिवंत चिंतामणींचं गाव. अमृताचा समुद्र मुका, हे बोलतात. ओवीत क्रियापद नाहीच, कारण ती मागच्या 'मांदियाळी'चं वर्णन आहे. पुढच्या ओवीतही तेच चालू राहतं: डाग नसलेले चंद्र, ताप नसलेले सूर्य. आणि मग शेवटी 'सोयरे होतु'. तिथं पुन्हा क्रियापद सापडतं.

माउली आपल्याला कुठं चला म्हणत नाहीत. चालत येणारे ते आहेत. माझ्या अर्थात आपण पाय उचलायचे होते, खऱ्या अर्थात बागच आपल्या दारात येते. एका टिंबानं केवढा फरक पडला बघा.

पायरी ३ : ओळखीच्या शब्दांवर संशय घ्या

अनोळखी शब्द फसवत नाहीत. 'मांदियाळी' आला की आपण कोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे. एकट्या पसायदानात बघा:

'येणें वाग्यज्ञें तोषावें' यात 'येणें' म्हणजे येणं-जाणं नव्हे, 'याने', 'या (वाग्यज्ञाने)'.

'भूतां परस्परें पडो मैत्र' म्हणताना आमच्या बिल्डिंगमधली पोरं अजून हसतात. भूत म्हणजे जे झालं, जन्माला आलं ते, सगळे जीव. पोरांना ओरडू नका, हाच अर्थ सांगायला बरा मोका असतो.

'जे खळांची व्यंकटी सांडो': खळ म्हणजे दुष्ट, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. आणि सांडो म्हणजे दूध सांडतं तसं नाही, सुटो, गळून पडो. खळ नाहीसे होवोत असं म्हटलेलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो म्हटलंय. हे कळलं तेव्हा मी वही मिटवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

ज्ञानेश्वरीत इतरत्र वाचायला लागलात तर आणखी काही ठरलेले भेटतील. 'कां' बहुतेक वेळा प्रश्न नसतो, 'किंवा' असतो. 'नातरी' म्हणजेही 'किंवा'. 'तरी' पुष्कळदा आजचा 'तर'. 'दीजे', 'कीजे', 'होईजे' म्हणजे द्यावे, करावे, व्हावे. नवव्या अध्यायाची सुरुवात 'तरी अवधान एकलें दीजे', म्हणजे तर फक्त लक्ष द्या. 'एकलें' वाचून मी एकटेपणाकडे वळलो होतो. आणि 'जैसा' दिसला की 'तैसा' सापडेपर्यंत थांबायचं नाही. मधे चार दृष्टांत येतात, मुद्दा 'तैसा'नंतर असतो.

या शब्दांची यादी वहीच्या मागच्या पानावर करत जा. तीस-चाळीस शब्दांत बरंच काम भागतं.

पायरी ४ : कोश बघायची रीत

कोशात शब्द जसा दिसतो तसा मिळत नाही. 'लाहो' शोधलात तर हाताला लागणार नाही, 'लाहणे' शोधा, मिळवणे. 'होतु' साठी 'होणे'. शेपूट काढून मूळ शोधायची सवय दोन-चार दिवसांत होते.

दाते-कर्वे कोशाचा खरा फायदा म्हणजे अर्थापुढं जुन्या ग्रंथातलं उदाहरण असतं आणि शेवटी खूण: 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, पुढं अध्याय आणि ओवी. कधी कधी तुम्ही शोधताय तीच ओळ तिथं सापडते. एका शब्दाचे सहा अर्थ दिले असतील तर पहिला उचलू नका. तुमच्या कवीच्या काळाजवळचं उदाहरण ज्या अर्थापुढं आहे तो घ्या.

सापळा: संस्कृत कोश. मराठी शब्द संस्कृतसारखा दिसला म्हणून तिकडं धावू नका. 'आरव' संस्कृतात ध्वनी, गलबला. पसायदानाचा अर्थ सांगणारे अभ्यासक मात्र बाग, समुदाय असा अर्थ लावतात आणि शेजारच्या 'गांव' शब्दाशी तोच जुळतो. (आमच्या सोसायटीत तीन आरव आहेत. बागेचं माहीत नाही, गलबल्याचा अर्थ संध्याकाळी सहा वाजता पटतो.)

पायरी ५ : जोड्या लावा

ही पायरी मला केशवसुतांच्या 'झपूर्झा'वर उमगली. १८९३ ची कविता. भाषा आपल्याला कळते तशीच, तरीही डोकं चक्रावतं:

हर्षखेद ते मावळले,
हास्य निमालें,
अश्रु पळाले;
कण्टकशल्यें बोथटलीं,
मखमालीची लव वठली;

यात 'मखमालीची लव वठली' ही ओळ मला अजिबात लागेना. मखमल वठते म्हणजे काय? झाड वठतं. कोशातही काही नवीन नाही, लव म्हणजे मऊ केस, वठणे म्हणजे वाळणे.

अशा वेळी शब्द सोडा आणि ओळींची रचना बघा. हर्ष–खेद. हास्य–अश्रू. पुढच्या ओळींत प्रकाश–तिमिर. सगळीकडं उलटसुलट जोड्या आहेत आणि दोन्ही बाजू एकदमच जातायत. मग काट्यांची जोडी कुणाशी? मखमलीशी. काट्याची बोच गेली, तसा मखमलीचा मऊपणाही गेला. दुःख गेलं एवढंच असतं तर सोपं होतं, सुखही गेलं. कवी मग स्वतःच विचारतो, काय म्हणावे या स्थितिला? आणि उत्तर देतो ते कोशात नसलेल्या शब्दानं.

'झपूर्झा' हा शब्द खेळातला आहे. मुली पिंगा-झिम्म्यासारखं गरगर फिरताना 'जा पोरी जा' भरभर म्हणतात, त्याचा कानाला येणारा आवाज. एवढ्या गंभीर अवस्थेला कवीनं पोरींच्या खेळातलं नाव दिलं. माझी आई नव्वदीकडं झुकलीय, तिला शब्द ऐकवला तर हातानं टाळी देत म्हणाली, "अरे, हे आम्ही मंगळागौरीला म्हणायचो तसलंच." कोश जिथं संपतो तिथं घरातली म्हातारी माणसं सुरू होतात. त्यांना 'अर्थ सांगा' म्हणू नका, नुसता शब्द ऐकवा.

पायरी ६ : गोष्ट माहीत असायला हवी का, बघा

काही ओळी व्याकरणानं लागतात, तरी हाती काही येत नाही, कारण मागची कथा ठाऊक नसते. आमच्या भगूरच्या सावरकरांची 'सागरा प्राण तळमळला' घ्या, १९०९ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली. आख्खी कविता समुद्राला उद्देशून. शेवटी 'कथिल हें अगस्तिस आतां रे, जो आचमनीं एक क्षणीं तुज प्याला'. अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकल्याची कथा माहीत असेल तर ही सरळ धमकी आहे: माझ्या आईला दुबळी समजू नकोस, ती अगस्तीला सांगेल, ज्यानं तुला एका आचमनात संपवला होता. कथा माहीत नसेल तर नुसतंच एक नाव येऊन जातं.

याच कडव्यातलं 'आंग्लभूमीभयभीता रे' हे समुद्राला मारलेलं संबोधन आहे, इंग्लंडला घाबरणाऱ्या! मी बरीच वर्षं ती माता भयभीत आहे असं समजत होतो, म्हणजे कवीच्या अगदी उलट. 'रे' कुणाला लागतो ते बघितलं असतं तर चुकलो नसतो.

कथा शोधायला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, तो वापरा.

पायरी ७ : दोन प्रती समोरासमोर

ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे शके १२१२. छपाई आली कित्येक शतकांनंतर. मधल्या काळात हातानं नकला होत गेल्या, त्याही सलग, शब्दांमध्ये जागा न सोडता. एकनाथांनी १५८४ मध्ये पाठ शुद्ध केला तो याच कारणानं, तोपर्यंत पोथ्यांत फरक पडले होते. त्यामुळं दोन पुस्तकांत शब्द वेगळा दिसला तर एक पुस्तक चुकीचं असं लगेच समजू नका. 'भेटतु भूतां' आणि 'भेटतु या भूतां' दोन्ही छापलेलं आढळतं, अर्थाला धक्का लागत नाही. वर मी 'पडो मैत्र' लिहिलं, तुम्ही 'जडो' म्हणत आला असाल, तेही छापलेलं मिळेल.

ज्या ओळीत अडलात तिथंच दोन प्रतींत फरक असेल तर मात्र खूश व्हा. म्हणजे तुमच्याआधीही लोक इथंच अडखळलेत.

पायरी ८ : दोन अर्थ उरले तर

कधी सगळं करूनही दोन अर्थ उभे राहतात. 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो'. एक अर्थ: विश्वानं स्वधर्माच्या सूर्याच्या उजेडात पाहावं. दुसरा: 'पाहणे' म्हणजे जुन्या मराठीत उजाडणे, पहाट याच कुळातली, म्हणजे स्वधर्माच्या सूर्यानं विश्वात उजाडो. दोन्ही सांगितले जातात. मला दुसरा आवडतो, कारण आधीची ओळ 'दुरितांचें तिमिर जावो' अशी आहे आणि अंधार गेल्यावर उजाडतं. पण 'आवडतो' आणि 'हाच खरा' यात फरक ठेवा. वहीत दोन्ही लिहा, कोणता का घेतला ते बाजूला एका ओळीत लिहा.

आणि कूट असेल तर?

काही कविता अडाव्यात म्हणूनच रचलेल्या असतात. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. ज्ञानदेवांच्या नावावरच्या कूटात काट्याच्या अणीवर तीन गावं वसतात, दोन ओसाड, एक वसेचिना. तिथं येणारे तीन कुंभार, त्यातले दोन थोटे, आणि असंच पुढं. इथं वरच्या पायऱ्या लावू नका. क्रियापद लगेच सापडतं, वाक्य स्वच्छ असतं आणि तरी अर्थ अशक्य, हीच कूट ओळखायची खूण. या दुसऱ्या रचनेत तर शेवटी स्पष्ट सांगितलंय की सद्गुरूवाचून हे कळेचिना. ही परंपरेत, ऐकून शिकायची गोष्ट. कीर्तनकार एकाच मुंगीचे वेगवेगळे अर्थ लावतात आणि कुणी कुणाला खोटं पाडत नाही.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या नाशिकवरून त्र्यंबकला जातात. एकदा मुक्कामाच्या ठिकाणी एका वारकऱ्यांना विचारलं, "माउली, ही मुंगी म्हणजे नक्की काय?" ते म्हणाले, "आधी टाळ धरा." अभंग चार वेळा म्हणून झाल्यावर बोलले. त्या बोलण्यातलं निम्मंच डोक्यात शिरलं, पण चाल अजून आठवते.

नाशिकमध्ये कुठं जायचं

टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. जुन्या प्रती, कोश आणि बसून वाचायची जागा, तिन्ही एका छताखाली. संदर्भ पुस्तकं घरी मिळत नाहीत हे धरून चला आणि दोन तास मोकळे ठेवून जा. काउंटरवर 'ज्ञानेश्वरी द्या' म्हणालात तर नुसता पाठ हातात येऊ शकतो. 'सार्थ' म्हणजे अर्थासहित, आणि शब्दांच्या टिपा असलेली, असं नेमकं मागा. गाडी लावायला शालिमारच्या गर्दीत जागा मिळणं हे वेगळंच कूट आहे, रिक्षानं जा.

गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारक आहे. तिथं कवितेचे कार्यक्रम होत असतात. विशेषतः २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास जा. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी दोन-चार जाणकार सहज भेटतात. भाषण चालू असताना हात वर करून विचारू नका, चहापर्यंत दम धरा.

माणसाला विचारताना

"या कवितेचा अर्थ सांगा" असं विचारलंत तर भाषण मिळेल. मी एका ठिकाणी असं विचारलं आणि पाऊण तास मोक्ष, माया, जीव-शिव ऐकलं. 'चला' शब्दापर्यंत ते गृहस्थ आलेच नाहीत. नंतर कळलं, त्यांनाही तो लागलेला नव्हता. त्याऐवजी असं विचारा: "या ओळीत कर्ता मी हा धरलाय, क्रियापद हे. 'चेतना' कशाला लागतो ते कळत नाही." ज्याला येतं तो अर्ध्या मिनिटात सांगतो. ज्याला येत नाही तो चांगला माणूस असेल तर "बघून सांगतो" म्हणतो. अशा माणसाचा नंबर जपून ठेवा.

मोबाईलवरच्या उत्तरांनाही हाच नियम. कोणत्या शब्दावरून हा अर्थ काढला, ते जिथं सांगितलेलं नाही तो अर्थ वहीत उतरवू नका. सुविचाराच्या चित्रांखाली छापलेले अर्थ तर मुळीच नको. 'चला, कल्पतरूंच्या बागेत' हे मी तशाच एका चित्रावर वाचलं होतं, हे आता कबूल करतो.

पायरी ९ : आपल्या मराठीत लिहा, मग मोठ्यानं म्हणा

शेवटी ओळ आपल्या रोजच्या भाषेत, एका वाक्यात लिहा. सुंदर लिहायला जाऊ नका. मूळ ओळीतला प्रत्येक शब्द तुमच्या वाक्यात कुठं गेला ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. एखादा शब्द उरला तर पायरी २ वर परत. तुमच्या वाक्यात मुळात नसलेला एखादा शब्द घुसला असेल, तर तो तुमच्या पदरचा आहे, खोडा.

मग मूळ ओळ मोठ्यानं म्हणा. अर्थ लागला की थांबायच्या जागा बदलतात. आपण चालीवर म्हणतो तेव्हा 'चला' लांबवतो आणि तिथं श्वास घेतो, त्यामुळं कानाला ती हाक वाटते. अर्थ कळल्यावर 'चलां-कल्पतरूंचे' एका दमात जायला लागतं, 'चेतना-चिंतामणींचे' तसंच.

गेल्या गणपतीत पुन्हा माईक आला. अर्थ सांगायचा नव्हता, नुसतं म्हणायचं होतं. त्या ओवीशी आलो आणि 'चला'नंतर थांबलो नाही. सगळे माझ्यामागून म्हणत होते, ते एक मात्रा मागं राहिले आणि गोंधळ उडाला. मागच्या रांगेत आजोबांनी काठी एकदा जमिनीवर आपटली आणि माझ्याबरोबर पुढची ओळ उचलली.